होली लँडहून परत आले: गालीलचं गोडं पाणी, ती जुनी होडी आणि जे जे आठवतंय ते

पाचूबंदरची

नमस्कार मंडळी. आज शुक्रवार, संध्याकाळी चर्चमधे क्रुसाची वाट होती (येशूने क्रूस वाहून नेला ती वाट आठवत चौदा स्थानांवर थांबून करायची प्रार्थना), ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातली यंदाची पहिली. लहानपणापासून करतेय. पण आज तिसऱ्या स्थानाला गुडघे टेकले आणि एकदम नाकात मसाल्याचा वास आला, चर्चमधे कुठला मसाला, तो यरुशलेमच्या बाजाराचा वास होता. घरी आले आणि ठरवलं की आजच लिहायला बसायचं. जायच्या आधी इथेच विचारलं होतं थंडी किती, चप्पल चालेल का बूट, तुम्ही सगळ्यांनी भरभरून सांगितलंत, तर आल्यावर लिहिणं माझ्याकडे लागतंच. क्रम लावत बसले तर कधीच लिहून होणार नाही म्हणून जे आधी आठवेल ते आधी.

आमचं खरं बुकिंग २०२० च्या मार्चचं. पैसे भरले, पासपोर्ट व्हिसाला गेले आणि लॉकडाऊन लागला. तीन वर्षं तशीच गेली, त्यात ग्रुपमधल्या दोन म्हाताऱ्या वारल्या, त्यांच्या मुली आता त्यांच्या जपमाळा पर्समधे घालून आल्या होत्या आणि प्रत्येक जागी बाहेर काढून टेकवत होत्या. या फेब्रुवारीत शेवटी निघालो, बेचाळीस जण आणि आमचे फादर. मुंबईहून अम्मान, तिथून मोशेचा नबो डोंगर (धुकं होतं, पलीकडचं काही दिसलं नाही), मग पूल ओलांडून गालील, मग बेथलेहेमला तीन रात्री राहून यरुशलेम, शेवटी सिनाय आणि कैरो. इजिप्तचं वेगळं लिहीन कधीतरी.

पहिलं जे मनात बसलं ते हे की सगळं किती जवळजवळ आहे. शुभवर्तमानात "येशू समुद्राच्या पलीकडे गेला" असं आलं की मला वाटायचं वसईहून वेरावळला गेल्यासारखं काहीतरी लांब असणार. आपल्या मराठी बायबलमधे गालील समुद्रच लिहिलंय ना. आणि आमच्यासाठी समुद्र म्हणजे ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही तो. डोंगरावरच्या प्रवचनाची जी टेकडी आहे, जिथे आता आठ कोनांचं चर्च आहे, तिथल्या बागेतून खाली बघितलं तर अख्खा समुद्र एका नजरेत. लांबी एकवीस किलोमीटर, रुंदी बारा-तेरा. पप्पा जाळी टाकायला जायचे तेवढ्यात हा आडवा पार होऊन वर परत पण येता येईल. आणि समुद्रसपाटीच्या खाली आहे तो, दोनशे मीटरहून जास्त, त्यामुळे चहूबाजूंनी डोंगर वर चढलेले आणि पाणी परातीत ठेवल्यासारखं खाली. फेब्रुवारी असल्याने डोंगर हिरवेगार, मोहरी पिवळी फुललेली आणि गवतात लालभडक रानफुलं. रानातल्या फुलांचा उतारा फादरांनी तिथेच वाचला.

खाली काठाला उतरलो तेव्हा मी ओंजळीत पाणी घेऊन तोंडात घातलं. माहीत होतं गोडं आहे, पुस्तकात वाचलेलं, गाईडने पण बसमधे सांगितलेलं. तरी जीभ खारटाला तयार होऊन बसली होती. गोडं लागलं आणि मला रडूच आलं, का ते अजून नीट सांगता येत नाही.

मग बोटीतून फेरी. मोठी लाकडी बोट, आधी त्यांनी तिरंगा वर चढवला आणि जन गण मन लावलं, सगळे ताठ उभे. मधे गेल्यावर इंजिन बंद केलं. फादरांनी वादळाचा उतारा वाचला, येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला आणि बाकीचे घाबरलेले. सकाळी मला मनात शंका आली होती की एवढ्याशा पाण्यात कोण बुडतंय, पण बोटवाल्याने सांगितलं की वारा त्या डोंगरांच्या खिंडीतून एकदम खाली कोसळतो, अर्ध्या तासात पाणी उलटंपालटं होतं. दुपारनंतर खरंच वारा सुटला आणि काठावर ताडताड लाटा आपटायला लागल्या. आखूड लाटा, एकामागून एक. आमच्याकडच्या लांब लाटेवर होडी चढते आणि उतरते, ह्या आखूड लाटांत तिला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही. माझी शंका तिथल्या तिथे मिटली.

आता होडीचं. ज्यांना जायचंय त्यांनी ही जागा चुकवू नका, गिनोसारच्या किबुत्झमधे (सगळं सामाईक असलेली वस्ती) म्युझियम आहे. १९८६ ला दुष्काळ पडून पाणी खूप मागे हटलं होतं, तेव्हा तिथल्याच दोन कोळी भावांना चिखलात रुतलेल्या होडीची कड दिसली. दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे येशूच्या काळाच्या आसपासची. चिखलातून काढताना लाकूड ओल्या पुठ्ठ्यासारखं झालेलं, हवा लागली की भुगा होईल, म्हणून फोमचं कवच घालून तिला पाण्यावरूनच तरंगवत नेलं आणि मग कित्येक वर्षं मेणासारख्या रसायनात बुडवून ठेवलं. आता लोखंडी चौकटीवर ठेवलीय. सव्वाआठ मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद. येशू हिच्यातच बसला होता असं कुणीही म्हणत नाही, तिथल्या बोर्डावरही तसा दावा नाही. पण अशाच होड्या होत्या.

आमचा ग्रुप दहा मिनिटांत बाहेर गेला, मी तिथेच. मी कोळ्याची मुलगी, आमची होडी २००९ ला विकली तोपर्यंत मी तिच्या आतबाहेर वाढलेय. त्या होडीच्या फळ्या बऱ्याचशा गंधसरूच्या (सीडर), आतल्या बरगड्या ओकच्या, पण मधेमधे वेगळी लाकडं. एकूण बारा प्रकारची लाकडं सापडली त्यात. विलो, पाइन, आणि बोर! बोरीचं लाकूड होडीला! काही तुकडे तर दुसऱ्या मोडलेल्या होडीचे काढून बसवलेले. एके ठिकाणी फळी संपलीय तिथे हाताएवढा तुकडा वेगळ्याच रंगाचा, तिरका कापून बसवलाय, आणि तो ज्याने बसवला त्याचा हात मला ओळखीचा वाटला. पप्पा असंच करायचे, नवी फळी घ्यायला पैसे नसले की वखारीतून मिळेल तो तुकडा आणून, तासून, फटीत कापूस ठोकून, पावसाच्या आधी. पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान हे येशूचे कोळी शिष्य मला कायम चर्चमधल्या पुतळ्यांसारखेच दिसायचे, झगा घातलेले, हातात किल्ली नाहीतर पुस्तक. त्या होडीपाशी पहिल्यांदा ती माणसं दिसली. यंदाचा सिझन कसा जाईल ही काळजी असलेली, हाताला जाळ्याचे घट्टे पडलेली.

उरलेलं उद्या लिहिते, एक वाजत आला.

सोपाऱ्याचा

ताई, वाचताना काटा आला अंगावर. आमच्या आईला न्यायचंय, वय ७१, गुडघे दुखतात. जमेल का तिला? खरं खरं सांगा, टूरवाला तर सगळ्याला हो म्हणतो. आणि खर्च किती धरायचा?

आळंदीहून

मी वारकरी घरातला, तुमच्या धर्मातलं मला फार कळत नाही पण ओंजळीतल्या पाण्याचं वाचून थांबलो. आमची आजी पहिल्यांदा चंद्रभागेत उतरली तेव्हा तिने आधी पाणी तोंडाला लावलं आणि मग बोलायला शब्दच नव्हते तिच्याकडे, आई सांगायची. एक विचारतो. तुम्ही बसने हिंडलात का काही अंतर चाललात? आमच्याकडे चालण्यालाच महत्त्व म्हणून विचारलं.

नगरकर

फार सुंदर लिहिलंय. आम्ही नगरचे, प्रॉटेस्टंट, आमच्या मंडळीतून २०१८ ला गेलो होतो. ती होडी मीही पाहिली पण बोरीचं लाकूड माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं, धन्यवाद. गालीलच्या काठावरच्या कफर्णहूमला पेत्राच्या घराचं काय वाटलं तुम्हाला? आणि यरुशलेमला तुम्ही गार्डन टूंबला (येशूची कबर म्हणून आमच्यातले बरेच जण मानतात ती बाग) गेलात का? आमच्या पाळकांनी प्रभुभोजन तिथेच दिलं होतं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पाचूबंदरची

सगळ्यांना एकेक करून उत्तर देते.

सोपाऱ्याचे भाऊ, आईंना न्या, पण तयारीने. दगडी पायऱ्या खूप, त्या पण झिजून गुळगुळीत झालेल्या. यरुशलेमच्या जुन्या शहरात बस आत जात नाही, चालावंच लागतं, चढउतार आहे. कालवारीवर, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या जागी, चढायचा जिना तर उभा, पायरी उंच, बायका हात धरून चढत होत्या. आमच्यातल्या एका मावशींनी फोल्डिंगची काठी नेली होती तिचा फार उपयोग झाला. रबरी तळाचे बूट घ्या, नवे नकोत, महिनाभर आधी वापरलेले. आत्तापासून रोज संध्याकाळी त्यांना बीचवर थोडं थोडं चालवायला लागा. आम्हाला माणशी दीड लाखाच्या आसपास आला, शॉपिंग वेगळं. आणि एक मनापासून सांगते, टूरवाल्याकडून प्रत्येक जागी किती वेळ थांबणार ते आधी लिहून घ्या. आमच्याकडे गेथशेमाने बागेला (पकडला जायच्या आधी येशूने जिथे प्रार्थना केली ती) वीस मिनिटं आणि ऑलिव्हच्या लाकडाच्या दुकानाला सव्वा तास असं झालं. कंपनीचं नाव घेत नाही, पण मला फार लागलं ते. तीन वर्षं वाट बघून आलेली माणसं बागेच्या कुंपणाशी उभी राहून फोटो काढून परत पळत बसमधे. फादर त्या मॅनेजरशी बोलले, दुसऱ्या दिवशी सुधारलं थोडं, पण बाग ती बाग, ती परत मिळाली नाही.

आळंदीचे दादा, बसनेच हिंडलो. तुमचा प्रश्न मलाही तिथे पडला होता. नासरेथ ते बेथलेहेम सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या वर, आणि डोंगरवाटेने आणखी बरंच जास्त. मरियेचे दिवस भरत आलेले, त्यात हा रस्ता. आम्ही एसी बसमधे झोपून पार केला तो. त्या रस्त्याला खिडकीतून बाहेर बघताना मला लाज वाटत होती खरंच. एक टप्पा मात्र पायी झाला, क्रुसाची वाट, ती खाली सांगते.

नगरकर, कफर्णहूम काळ्या दगडाचं आहे, सगळं गाव काळं बसाल्टचं आणि मधे सभास्थान तेवढं पांढऱ्या दगडाचं, ते नंतरच्या काळातलं, चौथ्या-पाचव्या शतकातलं. त्याच्या खाली काळा पाया दिसतो. पेत्राचं घर म्हणजे छोट्या खोल्या, एकमेकींना चिकटून, मधे अंगण. आमच्या कोळीवाड्यातली जुनी घरं अशीच. त्यावर पाचव्या शतकात आठकोनी चर्च बांधलेलं आणि आता १९९० चं नवीन चर्च त्याच्या वर खांबांवर अधांतरी उभं केलंय, मधे काचेतून खालचं घर दिसतं. उत्खननात तिथे मासे धरायचे गळ सापडलेत. गळ! आणखी काय पाहिजे मला.

गार्डन टूंबला आम्हाला नेलं नाही, कॅथलिक टूरमधे तो सहसा नसतो. आम्ही येशूची कबर मानतो ती जुन्या शहरातल्या मोठ्या चर्चच्या आत आहे, कालवारी पण तिथेच.

सांगलीचा मास्तर

लेखन आवडलं. शंका विचारतो, राग मानू नका, मी इतिहास शिकवायचो. दोन हजार वर्षांत ते शहर कितीदा पडलं आणि उभं राहिलं. मग कबरेची जागा नक्की तीच हे कशावरून? नगरकर म्हणतात ती वेगळी, तुम्ही म्हणता ती वेगळी. भाविक माणसाला हा प्रश्न तिथे उभं असताना पडतो का?

नगरकर

सर, मी सांगतो मला जे कळलं ते. गार्डन टूंब शहराच्या भिंतीबाहेर, दमास्कस दरवाज्याजवळ. १८६७ ला ती कबर सापडली आणि १८८३ ला जनरल गॉर्डनने शेजारच्या खडकाचा आकार कवटीसारखा आहे असं म्हटलं, तिथून ती प्रसिद्ध झाली. कबर खोदली गेली ती येशूच्या बऱ्याच शतकं आधी असं पुरातत्त्ववाले म्हणतात, आणि बायबल तर सांगतं की कबर नवी होती. तिथले स्वयंसेवक स्वतःच सांगतात की ही जागा नक्की हीच असा आमचा आग्रह नाही, महत्त्वाचं हे की कबर रिकामी आहे. मला ते बोलणं पटलं. शांत बाग आहे, झाडं आहेत, बसायला बाकं आहेत, प्रार्थना होते. मोठ्या चर्चमधे मला गर्दीने काही सुचलंच नव्हतं.

पाचूबंदरची

सर, राग कसला. हो, पडतो प्रश्न. मलाही पडला.

आमच्या फादरांनी आदल्या रात्री बेथलेहेमच्या हॉटेलात सगळ्यांना बसवून सांगितलं होतं म्हणून बरं झालं. येशूच्या काळी ती जागा शहराच्या भिंतीबाहेर होती, जुनी दगडाची खाण, तिथे कबरी होत्या. नंतर भिंत पुढे सरकली. मग रोमन सम्राट हेड्रियनने दुसऱ्या शतकात तिथे देऊळ बांधलं, आणि कॉन्स्टंटाइनच्या वेळी ते पाडून खाली खोदलं तर कबर मिळाली, ३३५ ला चर्चचं समर्पण झालं. १००९ ला ते पाडलं गेलं, मग क्रुसेडवाल्यांनी (युरोपातून लढायला आलेले ख्रिस्ती) ११४९ ला परत मोठं केलं. म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांनी ती आठवण धरून ठेवली होती हे नक्की, आणि मला तेवढं पुरतं. आमच्याकडेही कुणाची होडी कुठे लागायची हे म्हातारी माणसं काठावर बोट दाखवून सांगतात, आता तिथे जेट्टी झाली तरी.

आता क्रुसाची वाट. आम्ही पहाटे गेलो, हॉटेलातून साडेचारला निघून, म्हणजे गर्दी कमी. पहिल्या स्थानाजवळ जे चाबकाच्या फटक्यांचं चॅपल आहे तिथला येशूचा पुतळा २ फेब्रुवारीलाच एका पर्यटकाने पाडून तोडला होता, आम्ही पोचायच्या थोडे दिवस आधी. एक लाकडी क्रूस भाड्याने मिळतो, तो आळीपाळीने खांद्यावर. माझी पाळी तिसऱ्या आणि चौथ्या स्थानाच्या मधे आली. तोवर उजाडलेलं आणि दुकानं उघडायला लागलेली. गल्ली अरुंद, वरून झाकलेली, एका बाजूला जिऱ्या-हळदीची पोती आणि मसाल्याचे टोकदार ढीग, पलीकडे ब्रेडची गाडी ढकलणारा पोरगा मागून ओरडतोय बाजूला व्हा, दोन सैनिक खांद्याला बंदुका लावून चहा पितायत, एक शाळेतली मुलगी माझ्याकडे न बघता क्रुसाच्या खालून वाकून पुढे गेली. मला आधी वाईट वाटलं, आपण एवढ्या भक्तीने चाललोय आणि ह्यांचं आपलं चालूच. मग फादर हळूच म्हणाले, येशूला नेलं त्या शुक्रवारी पण असंच असणार, सणाचे दिवस होते, बाजार भरलेला असणार. वसईच्या चर्चमधे क्रुसाची वाट म्हणजे शांतता, मेणबत्त्या, सगळे एकत्र गुडघे टेकतात. तिथे कळलं की खरी वाट बाजारातून गेली आणि बऱ्याच लोकांनी मान वर करून बघितलं पण नसेल.

आज तिसऱ्या स्थानाला मसाल्याचा वास आला तो ह्याचा.

मोठ्या चर्चमधे सहा पंथांची माणसं आहेत, ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन, सिरियाक, कुणी कुठे झाडू मारायचा हे पण ठरलेलं. आणि दाराची चावी पिढ्यानपिढ्या एका मुसलमान घराण्याकडे, दार उघडायचं काम दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. आत शिरल्या शिरल्या जमिनीवर तो दगड आहे जिथे येशूचं शरीर ठेवून सुगंधी तेल लावलं म्हणतात. आत्ताचा दगड १८१० चा आहे हे मला माहीत होतं. तरी आमच्या त्या मुलींनी आईच्या जपमाळा त्यावर ठेवल्या आणि डोकं टेकून बसल्या त्या उठेचनात, एका रशियन म्हातारीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, भाषा कळत नाही एकमेकींची, नुसता हात फिरवत राहिली. दगड कधीचा ते तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही सर.

बेथलेहेमला मात्र मन दुखलं. यरुशलेमहून आठ-नऊ किलोमीटर, वसई रोड ते विरार समजा. मधे आठ मीटर उंच सिमेंटची भिंत आणि चेकपोस्ट. आमचा गाईड बेथलेहेमचाच, अरब ख्रिस्ती, घरात पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती धर्म. त्याच्या मुलांना यरुशलेमला कबरेच्या चर्चला जायचं तर परमिट काढावं लागतं, आम्ही मुंबईहून जाऊन आलो. गावातले ख्रिस्ती लोक कमी कमी होतायत, पोरं चिली नाहीतर अमेरिकेला जातात म्हणाला. रविवारी त्यांच्या अरबी मिस्साला (चर्चमधली उपासना) बसलो. प्रार्थनेत "अल्लाह" ऐकून आमच्यातले काही जण चमकून बघायला लागले, पण अरबी बोलणारे ख्रिस्ती पण देवाला अल्लाहच म्हणतात. "अबाना" म्हणजे आमच्या पित्या, एवढं कळलं आणि पुढचं सगळं चालीवरून ओळखू आलं.

जन्माच्या चर्चचं दार जेमतेम चार फुटांचं, घोड्यावरून किंवा गाड्या घेऊन कुणी आत शिरू नये म्हणून लहान केलेलं, वाकूनच जावं लागतं. खाली गुहेत चौदा टोकांचा चांदीचा तारा. दीड तास रांग आणि ताऱ्यापाशी अर्धा मिनिट. मी काय प्रार्थना केली आठवत नाही, हात टेकवला तेव्हा दगड गार होता एवढंच आठवतं.

आळंदीहून

दीड तास रांग आणि अर्धा मिनिट, हे तर आमचंच. पंढरपूरला पायावर डोकं टेकेपर्यंत मागून पुढे ढकलतात. तरी त्या अर्ध्या मिनिटासाठी माणूस वीस दिवस चालतो.

अश्दोदची

शालोम. मी इथली जुनी वाचक, लिहीत नाही फारसं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागजवळच्या गावातले, मी १९६८ ला आईवडिलांबरोबर इस्राएलला आले तेव्हा चौदा वर्षांची होते. घरात अजून मराठी बोलतो, आमचं मायबोली नावाचं मराठी मासिक पण निघतं इथून, १ मेला महाराष्ट्र दिन करतो.

पोरी, तू किनेरेतचं लिहिलंस ते मला फार आवडलं. आम्ही त्या तळ्याला किनेरेत म्हणतो. इथे लहान पोरांना पण त्याच्या पाण्याची पातळी ठाऊक असते. बातम्यांत सांगतात आज एवढे सेंटिमीटर वर, खाली लाल रेघ ठरलेली आहे, तिच्या खाली गेलं की सगळा देश काळजीत. माझी आई अलिबागची, पाऊस बघत मोठी झालेली, ती रोज सकाळी रेडिओवर पातळी ऐकायची आणि मगच चहा घ्यायची.

दुसरं सांगते. गेथशेमाने म्हणजे आमच्या हिब्रूत गत श्मानीम, तेलाचा घाणा. आणि आम्हाला कोकणात लोक काय म्हणायचे माहीत आहे ना, शनवार तेली. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. ती बाग तुमची, तिथलं दुःख तुमचं, पण मी बसने जाताना ती ऑलिव्हची झाडं दिसली की मला आजोबांचा घाणाच आठवतो. तुला वीस मिनिटंच मिळाली हे वाचून वाईट वाटलं. परत येशील तेव्हा अश्दोदला ये, आपण दोघी जाऊ, पाहिजे तेवढा वेळ बसू.

पाचूबंदरची

आजी, तुमची पोस्ट मी आईला आणि पप्पांना मोठ्याने वाचून दाखवली. तेलाचा घाणा हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे जिथे ऑलिव्ह पिळायचे तिथे येशूचा घाम रक्तासारखा गळला. मी येणार, नक्की येणार.

बागेतल्या त्या आठ जुन्या झाडांचं इथे लिहून ठेवते, बुंधे असे पिळवटलेले की एका झाडात तीन माणसं उभी राहतील. २०१२ ला शास्त्रज्ञांनी तीन झाडांच्या लाकडाची तपासणी केली तर बाराव्या शतकातली निघाली, म्हणजे नऊशे वर्षं.

अजून दोन गोष्टी राहिल्या. संत आन्नाचं चर्च, बेथेस्दाच्या तळ्याशेजारी, क्रुसेडच्या काळातलं, आत एकही सजावट नाही, नुसता दगड. पण तिथे आवाज असा घुमतो की एक सूर लावला तर तो वर जाऊन कितीतरी वेळ उतरत राहतो. आम्ही मराठी भक्तिगीत म्हटलं, बेचाळीस जण, त्यातले निम्मे बेसूर, तरी वरून खाली आला तो आवाज आमचा वाटत नव्हता. मागे फिलिपिनो लोकांचा ग्रुप पाळीची वाट बघत उभा होता, आमचं झाल्यावर ते म्हणाले अजून एक म्हणा. आणि जैतुनाच्या डोंगरावर जिथे येशूने प्रार्थना शिकवली म्हणतात तिथे भिंतींवर शंभरहून जास्त भाषांत ती प्रार्थना फरशांवर लिहिलीय. तिथे उभं राहून आम्ही आपली मराठी म्हटली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". घरी रोज रात्री घाईघाईत म्हणतो तीच. "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" इथे आल्यावर पप्पांची आठवण आली, ते हे वाक्य नेहमी हळू म्हणतात, कोळ्याला रोजचं म्हणजे काय ते माहीत असतं.

सोपाऱ्याचा

ताई, आईला वाचून दाखवलं सगळं. ती आजपासून चालायला लागली. एक विचारायचं राहिलं, तुमचे पप्पा का नाही आले?

अश्दोदची

मी पण तेच विचारणार होते. आणि त्यांनी होडीचा फोटो पाहिला का?

पाचूबंदरची

आईला पॅरालिसिस आहे, तिला एकटं ठेवता येत नाही. दोघांपैकी एकानेच जायचं होतं, मी म्हटलं पप्पा तुम्ही जा, पासपोर्ट पण काढला होता त्यांचा. ते म्हणाले तू जा, तू नीट बघून येशील, मला सांग. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी जरा जास्तच बघत होते.

येताना त्यांच्यासाठी गालीलचं पाणी छोट्या बाटलीत आणलं. त्यांनी झाकण काढून आधी वास घेतला, मग बोटावर घेऊन चाखलं. म्हणाले गोडंय. मग तिथे जेवायला जो पेत्राचा मासा देतात त्याचा फोटो बघितला आणि लगेच म्हणाले ही तर चिलापी. चिलापीच आहे, तळून आख्खी देतात.

होडीचा फोटो मात्र त्यांनी माझ्या हातातून मोबाईलच काढून घेतला. चष्मा लावून, दोन बोटांनी मोठा करून करून, नाळेपासून मागपर्यंत. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, मी काही बोलले नाही. बारा लाकडं, बोरीचा तुकडा वगैरे मी अजून सांगितलंच नव्हतं. तो तिरका तुकडा त्यांना सापडला तिथे थांबले आणि म्हणाले, "हा जुन्या होडीचा आहे. ह्याला आधीची भोकं आहेत बघ." मी म्हटलं हो पप्पा, तिथे पण तसंच लिहिलंय, काही लाकूड बोरीचं पण आहे. तर म्हणाले, "बोरीचं कुणी हौसेने घालतं का. नव्हतं त्याच्याकडे." आणि मग बराच वेळ तो फोटो तसाच धरून बसले.

त्यांना तो फोटो मोठा प्रिंट करून हवाय, आईच्या खाटेसमोर लावायला, म्हणजे तिला पण दिसेल. उद्या स्टेशनजवळ जाऊन काढून आणते.